आईचं ऑपरेशन थांबवून नव्या औषधाची वाट पाहावी का?

प्रश्न सोलापूरजवळच्या कुंभारीतून, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतून आलाय. विचारणारा मुलगा तिशीतला, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. आईचं वय ५६. तीस वर्षं विड्या वळल्या, आणि सकाळी दातांना मिश्री लावायची सवय त्याहूनही जुनी. डाव्या गालाच्या आत तीन महिने न भरणारी जखम होती. तुकडा काढून तपासला, तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये गाठ अडीच सेंटिमीटरची, जबड्याचं हाड मोकळं, मानेत ठळक गाठी नाहीत. सर्जनने गालाची गाठ आणि त्याच वेळी मानेतल्या ग्रंथी काढायला सांगितलंय. मुलाने महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेत. रशियाची लस, आयआयटीची कार-टी, इम्युनोथेरपी, रक्ताच्या एका नळीत सगळे कॅन्सर. तो विचारतो, "एवढे शोध लागत असताना आईचा गाल कापायचा कशाला? गड्ड्याची यात्रा होऊ दे, संक्रांतीनंतर नवीन औषध सुरू केलं तर? घर विकायची तयारी आहे." घरात बायको, मोठी बहीण आणि ११ वर्षांची भाची आहे, त्यांच्यासाठी आधीच काही करता येईल का, हेही त्याने विचारलंय.

मी सोलापुरात वीसेक वर्षं केमोचा डॉक्टर म्हणून काम करतोय. औषध देऊन पोट भरणारा माणूस ऑपरेशनची बाजू घेतोय, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. ऑपरेशन संक्रांतीपलीकडे ढकलू नका आणि घर विकू नका. तुम्ही पाहिलेले बहुतेक शोध खरे आहेत. पण त्यातला कुठला तुमच्या आईचा, हे त्या गाठीचा तुकडाच सांगतो, आणि पूर्ण गाठ ऑपरेशनमधूनच हाती येते.

मानेपासून सुरू करतो, कारण "मानेत काही नाही तर मान का उघडायची" हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. तोंडाची गाठ लहान असते तेव्हा मानेच्या ग्रंथीत उतरलेल्या पेशी हाताला लागत नाहीत, स्कॅनमध्येही चुकतात. अशा वेळी ग्रंथी आधीच काढाव्यात की लक्ष ठेवून वाढल्या तरच काढाव्यात, यावर सर्जन मंडळी वर्षानुवर्षं भांडत होती, आणि दोन्हीकडचे सारखेच ठाम. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी केली. अर्ध्यांच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, उरलेल्यांच्या गरज पडली तर नंतर. ५०० रुग्णांचा हिशोब २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले साडेसदुसष्ट. म्हणजे दर आठ जणांच्या ग्रंथी वेळेवर काढल्या तर एक जीव जास्तीचा वाचतो. यात नवं औषध नाही, नवं यंत्रही नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ कुणी बनवला नाही. तुमच्या सर्जनने कागदावर जे लिहून दिलंय ते हेच आहे.

उशिराचा हिशोबही झालेला आहे. २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ऑपरेशनला दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. गड्ड्यानंतर, लग्नसराईनंतर, पोराच्या परीक्षेनंतर अशा तारखा मी इतक्या ऐकल्यात की डिसेंबरात आलेल्या नव्या रुग्णाला मी आधीच सांगतो, यात्रेत नंदीध्वज खांद्यावरून जाताना बघायला जा, पण टाके घालून जा.

दुसरी भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती घरात कुणीतरी बोललंच असणार. "सुरी लागली की पसरतंय म्हणत्यात, खरं का?" ही समजूत कुठून आली ते मला माहीत आहे. पूर्वी लोक फार उशिरा यायचे. पोट उघडलं तर आत सगळीकडे पसरलेलं दिसायचं, सर्जन तसंच बंद करायचे, रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत जायचा. गावाला दिसायचं ते इतकंच की सुरी लागली आणि माणूस गेला. मात्र या शंकेकडे संशोधकांनी हसून दुर्लक्ष केलं नाही. गाठ हलवताना काही पेशी रक्तात निसटत असतील का, असा विचार करून टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन. दात काढताना बधिर करायला देतात तेच. सोळाशेच्या आसपास बायकांवर हे पाहिलं, २०२३ मध्ये निकाल छापून आला. सहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते आणि किंमत चहा-नाश्त्याच्या बिलाइतकी. हा निकाल स्तनाचा आहे, तोंडासाठी तो तसाच लावता येत नाही. पण सुरीच्या भीतीने सुरीच टाळायची नसते, एवढं त्यावरून कळतं.

चेहऱ्याची काळजी मी समजू शकतो. तुमच्या आईच्या गालाची जागा भरताना सर्जन बहुतेक मनगटाजवळची किंवा मांडीची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून आणतील आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतील. केसासारख्या बारीक दोऱ्याने. पहिले दोन-तीन दिवस नर्स दर तासाला टॉर्च मारून त्या कातडीचा रंग बघते. गुलाबी राहिली म्हणजे जोड चालू आहे. व्रण राहील, थोडे दिवस बोलणं जड होईल. आठवड्या-दोन आठवड्यांनी तपासणीचा मोठा रिपोर्ट येईल, आणि पुढचं सगळं त्या दोन पानांवर ठरेल. गाठीची खोली किती मिलिमीटर, कडा मोकळ्या का, किती ग्रंथी काढल्या आणि त्यातल्या किती बाधित, ग्रंथीचं कवच फोडून पेशी बाहेर आल्यात का. सगळं स्वच्छ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. नसेल तर शेक, म्हणजे किरणोपचार. शेकाचं तंत्रही बदललंय. पूर्वी लाळग्रंथी भाजून निघायच्या आणि माणूस जन्मभर पाण्याची बाटली घेऊन फिरायचा. आता किरणांना वळण देऊन त्या ग्रंथी वाचवतात. २०११ च्या एका ब्रिटिश चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरड राहणाऱ्यांचं प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३८ वर आलं. कवच फुटलेलं असेल किंवा कडा बाधित असतील तर शेकासोबत सिस्प्लॅटिन ही केमो. किडनी किंवा कान अधू असल्यामुळे सिस्प्लॅटिन झेपत नसलेल्यांना पूर्वी नुसता शेक घ्यावा लागायचा. आता आठवड्याला डोसिटॅक्सेलचा छोटा डोस देता येतो. तोही टाटाचाच २०२३ चा निकाल.

आता ज्या औषधासाठी घर विकायला निघालात त्याबद्दल.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी गस्त घालतात. परकं दिसलं की मारतात. गाठ त्यांना पीडी-एल१ नावाचं ओळखपत्र दाखवते आणि टी-पेशी "आपलाच माणूस" म्हणून पुढे निघून जाते. ते ओळखपत्र वाचताच येणार नाही अशी सोय इम्युनोथेरपीचं इंजेक्शन करतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. टी-पेशींचा सीटीएलए-४ हा एक ब्रेक ॲलिसन यांनी सोडवून दाखवला, पीडी-१ हा दुसरा होंजोंनी शोधला. त्वचेच्या मेलानोमात या औषधांनी अक्षरशः इतिहास बदलला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तेवढं नाही. आजार परत उलटल्यावर हे एकटं औषध दिलं तर साधारण पाच-सहा रुग्णांपैकी एकाची गाठ ठळक आक्रसते. ज्याची आक्रसते त्याचा फायदा मात्र कधीकधी वर्षानुवर्षं टिकतो, आणि व्हिडिओ त्याच्यावरच बनतो.

ऑपरेशनच्या आधी ते द्यायचं, हे २०२५ मध्ये सुरू झालं. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीचे दोन डोस, मग ऑपरेशन, मग शेक आणि पुन्हा तेच औषध. ७१४ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ४६ वरून ५७ टक्क्यांच्या पुढे गेलं, आणि जूनमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण त्या चाचणीतले रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे होते. तुमची आई कागदावर दुसऱ्या टप्प्यात आहे. आणि त्या चाचणीतही ऑपरेशन टाळायचा बेत नव्हता, दोन डोसांनंतर ते ठरलेलंच होतं.

समजा पुढे कधी आजार उलटलाच, तर त्यासाठी आपल्याकडे एक वेगळीच वाट तयार झालीय आणि ती मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते. निव्होलुमॅब हे त्याच जातीचं इंजेक्शन. त्याचा पूर्ण डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. तो पगारदार माणसालाही परवडत नाही. टी-पेशींवरच्या जागा मात्र फार थोड्या औषधातच भरतात, हे सुरुवातीच्या प्रयोगांतच दिसलं होतं. टाटाच्या डॉ. विजय पाटील आणि डॉ. कुमार प्रभाष यांनी तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. आठवड्याच्या हिशोबाने अठरावा भाग. सोबत स्वस्त गोळ्या, म्हणजे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब आणि एकदा अर्लोटिनिब. १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के जिवंत होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४ टक्के. २०२३ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी तो पेपर रात्री दोनदा वाचला.

आता आमच्या डे-केअरमध्ये हे कसं चालतं ते सांगतो. १०० मिलिग्रॅमची बाटली म्हणजे १० मिली पाणी. एकाला लागतं २ मिली. बाटली एकदा टोचली की पुढच्या खेपेसाठी ठेवून देता येत नाही. म्हणून पाच रुग्ण एकाच दिवशी बोलवायचे. आमचा वार गुरुवार. मोहोळचे एक, अक्कलकोटच्या दोघी, पंढरपूरचे एक निवृत्त गुरुजी आणि शहरातले एक रिक्षावाले. फार्मासिस्ट पाच सिरिंजा ओळीने मांडते, प्रत्येकीवर नावाची पट्टी लावते, मग बाटली फोडते. पाचही जण येऊन रक्ताचे रिपोर्ट दाखवल्याशिवाय ती फोडत नाही. एका पावसाळी गुरुवारी अक्कलकोटची एसटी अडकली, तर बाकीचे तिघे दुपारी दोनपर्यंत डबे खात थांबले. कुणी कुरकुर केली नाही. कुणाची थायरॉईड बिघडली, कुणाला जुलाब लागले, हेही आता ते एकमेकांना विचारतात, कारण या औषधाचे दुष्परिणाम तसलेच असतात. मोकाट सुटलेली टी-पेशी कधी आपल्याच अवयवावर जाते. दम लागला किंवा जुलाब थांबेनात तर त्याच दिवशी फोन करायचा, हे आम्ही फाईलवर लाल शाईने लिहितो.

मग तुकड्याची गोष्ट. बायप्सीचा किंवा ऑपरेशनचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवतात. बोटाच्या पेराएवढा पांढरा ठोकळा, मधे राखाडी डाग, बाजूला नंबर. त्याला ब्लॉक म्हणतात. लोक सीटीच्या फिल्म कपाटात जपून ठेवतात आणि ब्लॉक लॅबमध्येच विसरतात. माझी एक रुग्ण मंगळवेढ्याकडची, जन्मात तंबाखूला हात न लावलेली, फुप्फुसाच्या कॅन्सरने आली. जिथे तुकडा तपासला होता तिथे (नाव घेत नाही) ब्लॉक "शोधतोय, उद्या या" असं म्हणत अठरा दिवस काढले. शेवटी तिच्या जावयाने जाऊन रॅक धुंडाळला. त्या ब्लॉकवर ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला आणि सलाईनऐवजी रोजची एक गोळी सुरू झाली, ओसिमर्टिनिब. भारतात फुप्फुसाच्या अशा कॅन्सरपैकी साधारण चौथ्या हिश्शात हा बदल सापडतो. ऑपरेशन झालेल्या रुग्णांना ही गोळी दिली तेव्हा पाच वर्षांनी ८८ टक्के जिवंत होते, न दिलेल्यांत ७८. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क काढलं. पण त्या बाईच्या अठरा दिवसांवर काय काढणार?

गोळीने कॅन्सर ताब्यात ठेवण्याची सुरुवात इमॅटिनिबने झाली. १९६० मध्ये फिलाडेल्फियात एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक आखूड गुणसूत्र दिसलं. पुढे कळलं की नववं आणि बाविसावं गुणसूत्र आपसात तुकडे बदलतात आणि त्यातून एक बंदच न होणारं प्रथिन तयार होतं. ते बंद करणारी गोळी २००१ मध्ये बाजारात आली. तिचं पेटंट इथे मिळू नये, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला, आणि म्हणून ती भारतात स्वस्तात मिळत राहिली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर जॉबर असलेला माझा एक रुग्ण २००४ पासून रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी खातोय. आजार लागला तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती. परवा तिच्या साखरपुड्याची पत्रिका आली. आणि रक्ताच्याच एका दुसऱ्या कॅन्सरमध्ये, प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, आम्ही चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक देतो. शिरेतून, मोजून, व्हिटॅमिन एच्या एका रूपासोबत. तो प्रकार आता नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत बरा होतो. वैद्यांकडे हे सांगून बढाई मारू नका, त्यांच्या भस्मात आणि या बाटलीत मापाचा फरक आहे, आणि तो फरक जिवाचा आहे.

२०२२ च्या जूनमध्ये डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची बातमी आली होती, गुदाशयाच्या कॅन्सरचे बाराच्या बारा रुग्ण ऑपरेशनशिवाय मोकळे झाले. त्या आठवड्यात माझा फोन थांबला नव्हता. बातमी शंभर टक्के खरी होती. फक्त ते बारा जण एका खास जातीच्या गाठीचे होते, पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली. गुदाशयाच्या शंभर रुग्णांत अशी गाठ पाच-दहा जणांची. कुणाची, ते त्याच मेणाच्या ठोकळ्यावर चार डाग देऊन कळतं. तुमच्या आईच्या गालाशी त्याचा संबंध नाही.

कार-टीचंही तसंच. रुग्णाच्याच टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात, वाढवतात आणि परत सोडतात. त्या पेशी सीडी१९ नावाची खूण असलेल्या प्रत्येक पेशीला मारतात. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून तयार केलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ती सुरू झाली. परदेशात याच उपचाराला कोटींनी पैसे लागतात, इथे लाखांत होतं. चाचणीत ७३ टक्के रुग्णांना गुण आला, आणि तेही बाकी सगळे उपचार थकलेल्यांना. पण सीडी१९ ही खूण असते रक्तातल्या बी-पेशींवर. बी-पेशी सगळ्या गेल्या तरी माणूस जगतो, अँटिबॉडी बाहेरून देता येतात. गालाच्या कॅन्सरवर अशी खूण अजून सापडलेली नाही जी निरोगी कातडीवर नाही. कातडी सगळी गेली तर माणूस जगत नाही. सगळं घोडं तिथं अडलंय.

रशियाच्या लशीची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. घोषणेवर उपचार करता येत नाहीत, मोठ्या चाचणीचे आकडे समोर यावे लागतात. कॅन्सरवर उपचार म्हणून लस ही कल्पना मात्र पोकळ नाही. मेलानोमाच्या १५७ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला, प्रत्येकाच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती बनवलेली एमआरएनए लस इम्युनोथेरपीसोबत दिली. आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसत्या इम्युनोथेरपीपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी झाला. मोठी चाचणी सुरू आहे. ती लस कशातून बनवतात, तर ऑपरेशन करून काढलेल्या गाठीतून.

कॅन्सर होऊच नये म्हणून द्यायची लस तर आजच मिळते, आणि तिच्या कहाणीत आपला जिल्हा आहे. तुम्ही मुंबईच्या बातम्या पाहता, म्हणून बार्शीचं सांगतो. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. पुढे तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा आणि फ्रान्समधल्या आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेसोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ बायकांची पाहणी केली. ३० ते ५९ वयाच्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तर आठ वर्षांत त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगर लावून बघण्याला त्या चाचणीत तेवढं यश आलं नाही. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही टेस्टच सांगते, त्यामागे परंडा-भूमच्या वाटेवरच्या आयाबायांनी दिलेले नमुने आहेत. एचपीव्हीच्या लशीच्या अभ्यासातही बार्शी होतं. २००९ मध्ये मुलींना दोन आणि तीन डोस देऊन तुलना करायची ठरली. २०१० मध्ये भलत्याच कारणाने देशभर लसीकरण थांबलं आणि जवळपास पाच हजार मुली एकाच डोसावर राहिल्या. दहा वर्षं त्यांच्या मागावर राहिल्यावर दिसलं की एक डोसही दोन-तीन डोसांइतकाच राखण करतो. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने एक डोस पुरेसा मानला, त्यात हा पुरावा होता. अर्धवट राहिलेल्या कामातून एवढं मोठं उत्तर निघालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

म्हणून भाचीला ही लस द्या. ११ हे नेमकं वय आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक मिळते. बहिणीची तिशी उलटली असेल तर तिची एचपीव्ही टेस्ट करून घ्या, बायकोची तिशी झाल्यावर. आईच्या आजारावर ही लस चालत नाही. आपल्याकडचा गालाचा कॅन्सर तंबाखूचा. घरात आणखी कोण मिश्री लावतं, कोण मावा खातं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिहायचं टाळलंत की काय, अशी मला शंका आहे. केरळात नुसत्या टॉर्चने तोंड तपासत राहिल्यावर तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. आरशासमोर गाल ताणून पांढरा-लाल चट्टा बघायला अर्धा मिनिट लागतं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

रक्ताच्या एका नळीत सगळे कॅन्सर ओळखणाऱ्या तपासण्यांबद्दल फार लिहीत नाही. परदेशात मोठे अभ्यास चाललेत, चालू द्या. इथे शिबिरात 'कॅन्सर पॅकेज' म्हणून जे विकतात ते बहुधा जुने ट्युमर मार्कर, म्हणजे कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या असतात. निरोगी माणसाला त्यातून बहुतेक वेळा भीती तेवढी मिळते.

पैशांचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, केमो तिन्हींची पॅकेजेस त्यात आहेत. रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधार, रेशनकार्ड आणि बायप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, भरती झाल्यावर नको. दुसरं मत हवं असेल तर खुशाल घ्या, पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढायच्या आधी इथल्या ऑपरेशनची तारीख हातात ठेवा. टाटाने २०१२ मध्ये उभ्या केलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधली तीनशेहून जास्त रुग्णालयं एकाच नियमावलीने उपचार करतात. मुंबईत जाऊन बहुतेक हेच ऐकाल, फक्त महिनाभर उशिरा.

या आठवड्यात तीन कामं करा. दाताच्या डॉक्टरकडून किडलेले दात बघून घ्या, कारण शेक लागला तर नंतर दात काढणं अवघड होतं. बायप्सीचा ब्लॉक लॅबमधून पावती घेऊन ताब्यात घ्या. सर्जनला विचारा की गाठीची खोली किती वाटते आणि रोज तोंड उघडायचे व्यायाम कधी सुरू करायचे.

आणि पुढच्या वेळी आईंना बाहेर बाकावर बसवून फाईल घेऊन एकटे आत येऊ नका. तीन महिने जखम त्यांच्या गालात आहे, त्यांना काय कळायचं ते कळलंय. आत आणा, खुर्ची आहे.